नावेचा दोर

नावेचा दोर यंदाचा पूर काढणार नाही, हे सांगायला नावाडी दारात आला तेव्हा भिंगरी ओसरीवर बसली होती. बसली होती म्हणजे तिला बसवलं होतं. पाठीला उशी, अंगावर शाल, डोक्याला लोकरीची टोपी आणि शेजारी झाकण घातलेला पाण्याचा पेला. वय सोळा, पण थाट असा की नव्वदीच्या म्हाताऱ्यानं हेवा करावा.

नावाडी खरं तर बाबांकडे आला होता, पण आधी तो तिच्याकडे वळला आणि हल्ली सगळे ज्या आवाजात बोलत त्याच आवाजात बोलला. तान्ह्या पोराशी आणि मरायला टेकलेल्या माणसाशी लोक एकाच आवाजात बोलतात, एवढं ज्ञान भिंगरीला कॅन्सरनं दिलं होतं.

“कशी आहेस बाळा?”

“मस्त,” ती म्हणाली. “तुमची नाव कशी आहे?”

“नाव ठणठणीत आहे गं. दोराचं काही खरं नाही.”

नावाड्याची नाव वल्ह्यांवर चालत नसे. नदीच्या या काठावरच्या खांबापासून त्या काठावरच्या खांबापर्यंत एक जाड दोर ताणलेला होता. नाव त्याला कड्यानं अडकवलेली, आणि बसलेली माणसं दोर ओढत ओढत पलीकडे जात. शाळा पलीकडे, बाजार पलीकडे, दवाखान्याकडे जाणारा रस्ताही पलीकडेच. पाणी कमी असताना जुना दोर चालून जाई. पूर आला की तोच दोर माणसं आणि खालच्या वळणावरचे खडक यांच्या मधे उभा असे.

तो दोर भिंगरीच्या घरचा. आजोबांच्या वेळेपासून तो याच घरात वळला जाई. घरामागं एक लांब, अरुंद, झाडून लख्ख ठेवलेली मोकळी पट्टी होती, नदीच्या रुंदीहून थोडी जास्तच लांब. एका टोकाला लाकडी चाक. एकानं ते फिरवायचं. दुसऱ्यानं विंचरलेल्या वाखाची, म्हणजे घायपाताच्या तंतूंची, जुडी कमरेला गुंडाळायची, त्यातले धागे चाकाच्या आकड्याला अडकवायचे आणि बोटांतून वाख सोडत सोडत उलट पावली मागं जायचं. चाकाचा पीळ धावत येतो आणि बोटांपुढे पेड तयार होत जातो. असे तीन पेड एकमेकांत वळले की दोर. सांगायला हे एवढंच आहे. पण पेड सगळीकडे सारखा जाड यायला हवा, आणि ते डोळ्यांना दिसत नाही, बोटांना कळावं लागतं.

भिंगरीच्या बोटांना ते कळत असे. पायाला भिंगरी लागलेली म्हणून हे नाव पडलं होतं. एका जागी न टिकणाऱ्या पोरीला उलट चालायचं काम दिलं आणि ती निवांत झाली. तेराव्या वर्षी तिचा पेड बाबांच्या पेडाशेजारी ठेवला तर ओळखू येत नसे. नवी वहिनी घरात आली तेव्हा तिच्या पहिल्या पेडाला भिंगरीनं ‘अजगर गिळलेला साप’ म्हटलं होतं आणि जेवताना सगळे हसले होते. मग भिंगरीच्या अंगावर निळे डाग उठले, ताप हटेना, आणि शहरातल्या डॉक्टरांनी रक्ताचा कॅन्सर सांगितला. ती दवाखान्यात पडून होती तेव्हा वाखाची जुडी वहिनीच्या कमरेला गेली. आता अजगर कुठेच नव्हता. वहिनीचा पेड उत्तम येत होता. मात्र ती पोटुशी होती आणि तिचे दिवस भरत आले होते.

“कोण वळणार?” नावाड्यानं विचारलं. “वरती पाऊस सुरू झालाय म्हणतात. सुनेला तर आता...”

“बघू,” बाबा म्हणाले. “एक पेड माझा. दोन पेडांचं बघतो काहीतरी.”

“मी आहे ना,” भिंगरी म्हणाली.

दादा वाखाच्या गठ्ठ्याची गाठ सोडत होता, तो थांबला. आई खिळ्यांच्या फणीवर वाख विंचरत होती, तिनं मान वर केली. वहिनीनं पदराच्या टोकाशी चाळा केला. कुणी हसलं असतं तरी चाललं असतं.

“तू बस बाई,” आई म्हणाली. “वाखानं बोटं चिरतात. काही लागलं, पिकलं म्हणजे?”

“रक्त आता चांगलं आहे. डॉक्टरांनी सांगितलं ना तुझ्यासमोर. शाळेत जा, काम कर, सगळं कर म्हणाले.”

“दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं,” नावाडी म्हणाला. त्याच्याकडे प्रत्येक प्रसंगाला म्हण तयार असे.

भिंगरीनं शालीखाली मुठी मिटल्या. मुंग्या कुठवर आल्यात ते तिला विचारायला हवं होतं. बोटांच्या शेंड्यांत त्यांनी वारूळच केलं होतं. आधी नुसती झिणझिण होती, मग तीही गेली आणि आता बोटांना मोजे घातल्यासारखं वाटे. गुंडी लावताना आरशात बघावं लागे. औषधानं असं होऊ शकतं, हे दवाखान्यातल्या नर्सनं कधीतरी सांगितलं होतं. शेवटच्या भेटीत डॉक्टरांनी “हातापायाला काही?” असं विचारलं आणि भिंगरी “काही नाही” म्हणाली, कारण काही आहे म्हटलं की पुन्हा सुई, पुन्हा तपासणी, पुन्हा तो पलंग. तिला घरी जायचं होतं. पट्टीत उभं राहायचं होतं. बाकी पुढचं पुढे.

“वळू दे तिला,” बाबा अखेर म्हणाले. आवाज मऊ होता. “जमेल तेवढं. तेवढाच हाताला चाळा.”

चाळा हा शब्द तिला झोंबला. पण हातात पडतंय ते घ्यावं, म्हणून तिनं मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी तिनं टोपी काढून ठेवली. डोक्यावर बोटभर केस आले होते, पूर्वी सरळ होते ते आता कुरळे, जणू दुसऱ्या कुणाचे चुकून पाठवलेले. कमरेला जुडी बांधताना आईनं गाठ मारून दिली. भिंगरीनं ती सोडून पुन्हा स्वतः मारली. दादा चाकाशी बसला.

“हळू फिरवू?”

“नेहमीसारखं फिरव.”

चाक कुरकुरलं आणि पीळ आला. हातात काहीतरी येतंय हे मनगटाला कळत होतं, ओढ खांद्याला कळत होती. पण बोटांच्या शेंड्यांतून वाख जातोय की हवा, याचा पत्ता नव्हता. तिनं डोळे बोटांवर रोखले. जाड झालं असं दिसायचं तेव्हा ते जाड होऊन पुढे गेलेलं असे. मग ती वाख कमी सोडायची आणि पेड एकदम बारीक पडायचा. खाली बघत उलट चालणं हे आणखी एक संकट. तळपायही तसेच बधिर होते. अर्ध्या वाटेत टाच दगडाला लागली, तिला कळली नाही, आणि ती सरळ मागं बसली.

क्षणात सगळं घर पट्टीत होतं. आईनं तिचे पाय चाचपले. दादा चाक सोडून धावला, त्यामुळे पीळ उलगडला. वहिनी पोट सावरत पाणी घेऊन आली.

“काही झालं नाही! सवय गेलीय म्हणून. सरका सगळे.”

“किती छान वळलास गं,” आई तिच्या हातातल्या पेडाकडे न बघताच म्हणाली.

संध्याकाळपर्यंत तिचा पेड पुरा झाला. पाठीत कळा होत्या, वाखानं बोटं दोन ठिकाणी चिरली होती आणि ते रक्त बघून कळलं होतं. तिनं टोकाला आपली गाठ मारली. या घरात ज्यानं त्यानं आपल्या पेडाला आपली गाठ मारायची रीत होती. पुढे कुठे दोर कच्चा निघाला तर कुणाचा हात कच्चा होता ते कळावं, एवढाच उद्देश. बाबांची दुहेरी, वहिनीची साधी फाशाची, भिंगरीची आजोबांनी शिकवलेली, चार वेढ्यांची.

बाबांनी पेड हातात घेतला. एरवी ते तळहातातून पूर्ण लांबी ओढून बघत आणि चूक सापडली की शिव्यांचं असं चऱ्हाट वळत की शेजारी दारात येऊन ऐकत. आज त्यांनी वीतभर पेड बघितला, गुंडाळला आणि खुंटीला टांगला.

“बरा आहे,” म्हणाले. “आता दुसरा.”

भिंगरीला हायसं वाटलं. लगेच त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटली. पेड बरा नव्हता, हे तिला ठाऊक होतं. मग बाबांना कसं कळलं नाही? म्हातारे झाले का?

पुढचे दोन दिवस शाळेत गेले. दिवस कसले, नुसती चुळबूळ. तिच्या जुन्या मैत्रिणी पुढच्या वर्गात गेल्या होत्या आणि ती मागच्याच वर्गात, खिडकीशी, पहिल्या बाकावर. बाईंनी तिच्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. कशासाठी टाळ्या, तर जिवंत राहिली म्हणून. मधल्या सुट्टीत एका मुलीनं विचारलं, “हात लावला तर चालतो ना?” भिंगरीनं तिच्या गालाला हात लावला आणि म्हणाली, “आता बघ, उद्यापर्यंत टक्कल पडतंय.” ती मुलगी रडत बाईंकडे गेली. पण बाई भिंगरीला काहीच बोलल्या नाहीत. उलट पाठीवरून हात फिरवला.

परतताना नावेत सगळी पोरं दोराला लटकली होती, ओढत होती, एकमेकांना ढकलत होती. भिंगरीनंही हात घातला तर नावाड्यानं तिच्यासाठी ठेवलेला पाट पुढे सरकवला. “तू बस गं. ओढतील ही माकडं.”

ती बसली. जुना दोर डोक्यावरून सरकत होता, ठिकठिकाणी केसाळ झालेला, एका जागी तर तीनपैकी एक पेड तुटून लोंबत होता. पाणी तांबूस झालं होतं. माकडं गाणं म्हणत होती, त्यांतलं सर्वांत लहान माकड दोराला हात पुरत नाही म्हणून दुसऱ्याच्या पाठीवर चढलं होतं.

घरी आल्यावर तिनं दप्तर टाकलं आणि दादाला चाकाशी बसवून दुसरा पेड सुरू केला. रात्री तो पुरा झाला, तिनं गाठ मारली, बाबा पुन्हा “बरा आहे” म्हणाले.

पहाटे तिला जाग आली ती चाकाच्या कुरकुरीनं. तिला वाटलं स्वप्न आहे. मग खिडकीतून पाहिलं. पट्टीत नुकतं उजाडत होतं. दादा चाकाशी होता. वहिनी कमरेला नव्हे, पोटावर जागा नाही म्हणून खांद्यावर जुडी टाकून उलट पावली चालत होती. पाय फाकून, एक एक पाऊल चाचपून, थांबत, श्वास घेत. दर थोड्या वेळानं पाठीवर मूठ दाबून ती वर बघे आणि पुन्हा चालू लागे. कडेला भिंगरीचा कालचा पेड उसवून पडला होता, नुसता पिंजलेला वाख. बाबा जवळ उभे राहून दबक्या आवाजात “पुरे गं, बस आता, उरलेला मी करतो” म्हणत होते आणि ती नाही म्हणून मान हलवत होती.

पेड पुरा झाल्यावर वहिनीनं टोकाला चार वेढ्यांची गाठ मारली आणि बाबांनी तो खुंटीला टांगला, भिंगरीचा म्हणून.

ते सगळे आत गेल्यावर भिंगरी अनवाणी बाहेर गेली. पहिल्या दिवसाचा पेडही तिनं उतरवला. गाठ तीच, वेढे चार. पण भिंगरी डावखुरी होती. तिचे वेढे डावीकडे पडत. या दोन्ही गाठींचे वेढे उजवीकडे होते.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. फसवलं म्हणून राग, चाळा म्हणाले म्हणून राग, पेड वाईट म्हणून राग आणि वहिनीचं ते पाय फाकून चालणं डोळ्यांपुढून हलत नव्हतं म्हणून सगळ्यांत जास्त राग. ओरडावं तर काय ओरडणार? माझा वाईट पेड का उसवलात? आणि ओरडलं की पुढचा प्रश्न यायचाच, वाईट का झाला, बोटांना काय झालंय.

ती दिवसभर या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिली. आईनं जेवायला वाढलं, ती अर्ध्या ताटावरून उठली.

“काय होतंय?”

“काही नाही.”

“ताप बघू?”

“आई, मला राग आलाय. रागाला थर्मामीटर असतो का?”

आईनं तरीही कपाळाला हात लावलाच.

बाबांचा पेड झाला होता, भिंगरीच्या नावाचे म्हणजे वहिनीचे दोन झाले होते. दोराला तेवढे पुरे होते. पण दुपारी बाबांनी तपासताना त्या दोनांतल्या पहिल्या पेडाला वाळवीनं खाल्लेला वाख लागलेला निघाला, तो बाद झाला. “आणखी एक लागेल,” ते म्हणाले आणि चुळबुळत भिंगरीकडे बघितलं. “वळतेस?”

“वळते की,” ती म्हणाली. “माझा हात आता चांगला बसलाय, नाही का?”

बाबांनी नजर वळवली.

तो पेड तिनं रागानं वळला. नीट बघितलंही नाही. तुम्हाला उसवायची हौस आहे ना, मग उसवा. भराभर मागं गेली, हवा तसा वाख सोडला आणि डाव्या हातानं चार वेढे करकचून आवळले. बाबांनी पेड टांगला. “बरा आहे.” ती मनात म्हणाली, बरा आहे तर पहाटे भेटू.

पण पहाटे चाक वाजलं नाही. उत्तररात्री वहिनीच्या पोटात कळा आल्या, दादा शेजारच्या गल्लीतून सुईण घेऊन आला, आईनं चूल पेटवली. सुईण म्हणाली, खोट्या कळा आहेत, अजून अवकाश आहे, पण या बाईला आता जागचं हलू देऊ नका. वहिनी भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. उजाडता उजाडता सगळ्यांचा डोळा लागला, आणि जाग आली ती नावाड्याच्या हाकेनं.

“दोरवाले! पाणी चढायला लागलं! जुना दोर मी सोडवून घेतलाय, काठावर शाळेची पोरं खोळंबलीत!”

त्याच्यासोबत चार गडी होते. मग एकच धावपळ. बाबांनी खुंटीवरून तिन्ही पेड काढले. दादानं ते चाकाच्या तीन आकड्यांना अडकवले आणि पट्टीच्या पलीकडच्या टोकाला गड्यांनी ताणून धरले. बाबांनी तीन खाचांचा लाकडी भोवरा हातात घेतला. प्रत्येक खाचेत एक पेड, मग चाक फिरायचं, भोवरा सरकत जायचा आणि त्याच्यामागं तिन्ही पेडांचा दोर होत जायचा. एकदा पुरा वळला की वेगळा करता येत नाही.

भिंगरी गड्यांच्या टोकाशी उभी होती. तिच्या डोळ्यांसमोर तीन गाठी होत्या. बाबांची दुहेरी. एक चार वेढ्यांची, उजवी. आणि एक चार वेढ्यांची, डावी.

वहिनीनं याला हात लावला नव्हता. लावणार कधी? दादाला वाटत असणार बाबांनी आईला चाकाशी बसवून पुन्हा वळला, बाबांना वाटत असणार वहिनी नि दादानं कळा येण्याआधीच केला, आणि गाठ बघून कुणालाच काही कळणार नव्हतं, कारण गाठ सारखी दिसावी म्हणूनच तर एवढी धडपड केली होती. या पट्टीत तिला एकटीलाच माहीत होतं की खोट्या गाठीचा पेड खरा आहे आणि खऱ्या गाठीचा खोटा.

“फिरव,” बाबा म्हणाले.

चाक फिरलं. भोवरा वीतभर सरकला.

बोलावं तर सगळं बाहेर येणार. नावाड्यासमोर, गड्यांसमोर. पुन्हा दवाखाना, आणि पट्टी तर कायमचीच गेली. न बोलावं तर कदाचित काहीच होणार नाही, दोन पेड चांगले आहेत, दोर धरेलही. भोवरा आणखी सरकला. तिला ते दुसऱ्याच्या पाठीवर चढलेलं पोर आठवलं.

“थांबा!”

कुणी ऐकलं नाही. चाकाचा आवाज मोठा होता.

“बाबा, थांबा! तो पेड माझा आहे!”

“माहीत आहे गं,” बाबा न थांबता म्हणाले. “गाठ दिसतेय की.”

“तसं नाही. खरंच माझा आहे. वहिनीनं पुन्हा वळलेला नाही.”

चाक थांबलं. दादाचा हात दांड्यावरच राहिला. बाबांनी भोवरा खाली ठेवला, त्या पेडापाशी आले आणि तळहातातून तो ओढायला लागले. दहा पावलं हात सरळ गेला. मग अडखळला. आणखी पुढे त्यांनी दोन बोटांनी पेड चिमटीत धरून बघितला आणि किंचित हिसका दिला. तो तिथंच विरला, जीर्ण कापड फाटावं तसा.

नावाडी कपाळाला हात लावून खाली बसला. म्हण सुचली नाही.

“अक्कल गहाण टाकलीस?” बाबा ओरडले. असे ओरडले की शेजारचं दार उघडलं. “माणसं बसतात त्या नावेत! पोरं बसतात! काल वळताना हातात काय जात होतं ते कळत नव्हतं तुला?”

“नव्हतं कळत!” भिंगरी ओरडली. “बोटांना काहीच कळत नाही! कधीचं कळत नाही!”

“मग बोटं बधिर झाली, तोंडाला काय झालं होतं?”

“अहो,” आई मधे पडली, “तिच्यावर नका...”

“नका काय? आजारी होती तेव्हा आजारी होती! आता पट्टीत उभी आहे!”

“आणि तुमच्या तोंडाला काय झालं होतं?” भिंगरीचा आवाज फाटला. “बरा आहे, बरा आहे! वळलेलं उसवायचं, वर माझी गाठ मारायची! वहिनी अशा दिवसांत उलटी चालतेय आणि मी काय, मखरात बसू? एकदा तरी म्हणायचं, वाईट आहे म्हणून! पूर्वी तर गल्ली गोळा करायचात!”

गडी जमिनीकडे बघत होते. आतून वहिनीचा हुंदका ऐकू आला.

मग बाबांनी आईच्या फणीतला एक सुटा खिळा उचलला आणि भिंगरीचा डावा हात हातात घेतला. “डोळे मीट.”

तिनं मिटले.

“इथं कळतं?”

“नाही.”

“इथं?”

“नाही.”

“इथं?”

“सुरू केलंत का?”

आई तोंडात पदर कोंबून उभी राहिली. बाबांचा हात बोटाच्या मुळाशी आला, तळहातावर आला. “इथं?”

“कळतं. टोचतंय.”

“आणि उजवा?”

उजवाही तसाच निघाला. बाबांनी तिची दोन्ही मनगटं धरून ठेवली. त्यांची स्वतःची बोटं वाखानं चरे पडलेली, खरबरीत, आणि त्यांना सगळं कळत होतं.

“पाणी चढतंय हो,” नावाडी हळूच म्हणाला.

“परत येतं का ते, बोटांचं कळणं?” बाबांनी तिला विचारलं.

“कुणाचं येतं, कुणाचं नाही.”

“दोर गेला की आपण जाऊ दवाखान्यात. आणि यावेळी तूच बोलायचंस. खरं ते.” ते वळले. “हा पेड टाका. मी नवा वळतो. दादा, तू आईबरोबर वाख विंचर, भराभर लागेल. चाक कोण धरतं?”

चाक धरणं म्हणजे पोरासोरांचं काम. भिंगरी सहा वर्षांची असताना ते करायची, आणि ज्या दिवशी ते सुटलं त्या दिवशी ती घरभर नाचली होती. गड्यांपैकी एक पुढे झाला.

“तुला जमणार नाही,” ती त्याला म्हणाली. “पीळ कधी वाढवायचा ते कळायला लागतं.” आणि ती जाऊन चाकाशी बसली. दांडा तळहातात धरला. तिथं कळत होतं.

बाबांनी कमरेला जुडी बांधली, धागे आकड्याला अडकवले आणि उलट पावली निघाले. तिनं फिरवायला घेतलं. थोड्याच वेळात दंड भरून आले, श्वास लागला. वर्षभर पलंगावर पडलेलं शरीर, त्याला काय ठाऊक.

“मंद झालीस!” बाबा ओरडले. “रेट!”

“रेटतेय!”

“हे रेटणं? वाळकं पान हलत नाही यानं!”

“तुम्ही पाय उचला आधी!”

आई वाख विंचरता विंचरता थबकली, उठायला गेली, आणि दादानं तिला हातानं खाली बसवलं.

बाबा लांब लांब जात होते. त्यांच्या बोटांपुढे पेड सरळ, एकसारखा येत होता, आणि त्यांच्याकडे बघत असताना भिंगरीला एकदम स्पष्ट दिसलं की तिथं कदाचित ती पुन्हा कधीच चालणार नाही. तिला रडू कोसळलं. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता. चाकाचा वेग उतरला, पेड मधे सैलावला.

पट्टीच्या त्या टोकावरून बाबांनी मान वर केली. एवढ्या लांबून त्यांना चेहरा दिसला असेल की नाही कोण जाणे, पण पीळ उतरलेला हाताला कळलाच असणार.

“रडायचं तर रड!” ते ओरडले, आणि त्यांचाही आवाज धड नव्हता. “पण चाक थांबवू नकोस!”

तिनं नाक दंडाला पुसलं आणि रेटून फिरवायला लागली.